पिस्तूल कोणत्या गावचे?

अमेरिकेतल्या केंद्रीय न्यायालयांत एक साक्ष वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत होत आली आहे. आरोपी हा पूर्वी एखाद्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस असतो. पोलिसांनी त्याची गाडी अडवलेली असते आणि सीटखाली पिस्तूल सापडलेले असते. ते त्याच्याच ताब्यात होते, हे सिद्ध करून झाले की सरकारी वकील एका तज्ज्ञाला साक्षीला बोलावतात. हा तज्ज्ञ बहुधा एटीएफचा, म्हणजे दारू, तंबाखू, शस्त्रे आणि स्फोटके यांच्याशी संबंधित कायदे राबवणाऱ्या केंद्रीय खात्याचा अधिकारी असतो. तो पिस्तुलावरचा शिक्का पाहतो, कारखान्याचे नाव सांगतो आणि शेवटी एवढेच म्हणतो की, हे शस्त्र या राज्यात बनलेले नाही. साक्ष संपली. आरोपीने पिस्तूल कोणावर रोखले होते का, तो ते कशासाठी बाळगत होता, त्याचा पूर्वीचा गुन्हा मारामारीचा होता की खोट्या चेकचा, याच्याशी या साक्षीदाराला काही कर्तव्य नसते. पिस्तूल परगावचे आहे एवढे ठरले, की त्या माणसाला केंद्र सरकारच्या तुरुंगात पाठवण्याचा मार्ग मोकळा होतो. २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची कमाल शिक्षा पंधरा वर्षे झाली आहे.

माणसाचा गुन्हा ठरवायला पिस्तुलाचा जन्मदाखला कशाला लागावा? या प्रश्नाचे उत्तर शोधायला लागलो की अमेरिकेच्या राज्यघटनेचा दोनशे वर्षांहून जुना इतिहास उलगडावा लागतो.

आपल्याला हा प्रश्न मुळात विचित्र वाटतो, कारण आपल्या राज्यघटनेत तो पडतच नाही. आपल्या सातव्या अनुसूचीतील केंद्रसूची काढून पाहा. पाचवी नोंद शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके यांची आहे. विषय केंद्राचा आहे आणि तसे स्पष्ट लिहून ठेवले आहे. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्यांकडे असले, तरी १९५९चा शस्त्र अधिनियम संसदेने कोणत्या अधिकारात केला, असे विचारायला कोणी न्यायालयात जात नाही. शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क असावा, अशी दुरुस्ती संविधान सभेत १९४८च्या अखेरीस ह. वि. कामत यांनी सुचवली होती. मध्यप्रांत-वऱ्हाडातून आलेले हे सदस्य. ब्रिटिशांच्या शस्त्रबंदी कायद्याची चीड तेव्हा ताजी होती, काँग्रेसच्या १९३१च्या कराची ठरावातही अशा हक्काचा उल्लेख होता. पण डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती मान्य केली नाही आणि विषय तिथेच मिटला.

अमेरिकेत तो मिटला नाही. तो दोन टोकांनी उघडा राहिला. एक टोक म्हणजे दुसरी घटनादुरुस्ती, शस्त्र बाळगण्याच्या हक्काची. ती सर्वांना माहीत असते. दुसरे टोक मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ते म्हणजे केंद्र सरकारला मुळात असा गुन्हा निर्माण करण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न. माझ्या मते खरी गोष्ट या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून आधी तिथूनच सुरुवात करू.

१७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिली गेली, तेव्हा तेरा राज्यांनी केंद्राला काही मोजके अधिकार दिले आणि बाकीचे स्वतःकडे ठेवले. १७९१च्या दहाव्या घटनादुरुस्तीने तर हे शब्दांतच मांडले. गुन्ह्यांच्या बाबतीत घटनेने केंद्राकडे नाव घेऊन सोपवलेल्या गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या आहेत : खोटी नाणी पाडणे, समुद्रावरची चाचेगिरी आणि तिथले गुन्हे, राष्ट्राराष्ट्रांमधील कायद्याचा भंग आणि देशद्रोह. खून, दरोडा, चोरी, मारामारी ही सगळी राज्यांची कामे. गावातला पोलीस, गावातला न्यायाधीश, गावातली ज्यूरी. वॉशिंग्टनने त्यात पडायचे नाही.

विसाव्या शतकात मोटारी आल्या, दारूबंदी आली, टोळ्या आल्या आणि एका राज्यात दरोडा घालून रातोरात दुसऱ्या राज्यात पसार होणारे गुन्हेगार आले. आता वॉशिंग्टनला काहीतरी करणे भाग होते. पण अधिकार कुठून आणायचा? मग आडवाटा शोधल्या गेल्या. १९२७ साली काँग्रेसने पिस्तुले टपालाने पाठवायला बंदी केली, कारण टपालखाते केंद्राचे. १९३४ साली मशीनगन आणि नळी कापलेल्या शॉटगन यांच्यावर बंदी न घालता त्यांच्या व्यवहारावर दोनशे डॉलर कर बसवला, कारण कर बसवण्याचा अधिकार केंद्राला होता. त्या काळचे दोनशे डॉलर म्हणजे मोठी रक्कम. नाव कराचे, हेतू बंदीचा. रूझवेल्ट यांचे अॅटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी संसदीय समितीपुढे मोकळेपणाने सांगितले होते की, गावोगावच्या सुव्यवस्थेत हात घालण्याचा अंगभूत अधिकार केंद्राला नाही, म्हणून कराची वाट धरावी लागते. हा प्रामाणिकपणा पुढच्या काळात फारसा कोणी दाखवला नाही.

शिक्षा झालेल्या माणसांचा मुद्दा पहिल्यांदा आला १९३८च्या केंद्रीय शस्त्र कायद्यात. हिंसक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाने दुसऱ्या राज्यातून आलेले शस्त्र स्वीकारू नये, असे या कायद्याने म्हटले. दोन गोष्टींकडे लक्ष द्या. एक तर गुन्हा हिंसक असला पाहिजे. आणि दुसरे म्हणजे, गुन्हा शस्त्र 'बाळगण्याचा' नाही, राज्याची सीमा ओलांडून आलेले शस्त्र 'स्वीकारण्याचा' आहे. म्हणजे व्यापाराच्या प्रवाहाशी त्याचा थेट संबंध. आता एखाद्याने पिस्तूल कधी, कुठे, कोणाकडून घेतले हे सिद्ध करणे अवघड. त्यामुळे काँग्रेसने कायद्यात एक सोय करून ठेवली : अशा माणसाकडे पिस्तूल सापडले, की ते बाहेरच्या राज्यातूनच आले असे गृहीत धरायचे.

ही सोय पाच वर्षे टिकली. न्यूजर्सीतल्या न्यूअर्क गावी सिगारेटच्या चोरीच्या तपासात केंद्रीय अधिकारी टॉट नावाच्या माणसाच्या घरी गेले. तिथे एक कोल्ट पिस्तूल सापडले. त्याच्यावर पूर्वीचे गुन्हे होतेच. १९४३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. माणसाकडे पिस्तूल आहे, एवढ्यावरून ते हा कायदा झाल्यानंतर परराज्यातून त्याच्याकडे आले असा निष्कर्ष काढता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. गृहीतकाच्या कुबडीशिवाय १९३८चा कायदा लंगडू लागला. १९६१ साली काँग्रेसने त्यातला 'हिंसक' हा शब्द काढून टाकला आणि एक वर्षाहून अधिक कैदेची तरतूद असलेला जवळजवळ कोणताही गुन्हा या बंदीला पुरेसा ठरवला. या बदलाची तेव्हा फारशी चर्चा झाली नाही. साठ वर्षांनी मात्र तो फार महागात पडणार होता, ते पुढे येईल.

मग उजाडले १९६८. अध्यक्ष केनेडींची १९६३ साली टपालाने मागवलेल्या रायफलने हत्या झाली होती. एप्रिल १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी. शहरांत जाळपोळ चालू होती. अशा वातावरणात सिनेटपुढे गुन्हेनियंत्रणाचे एक लांबलचक विधेयक होते. लुइझियानाचे सिनेटर रसेल लाँग यांनी मे महिन्यात त्याला सभागृहातच एक दुरुस्ती जोडली. समितीपुढे ती गेली नाही, साक्षी झाल्या नाहीत, चर्चा नावापुरती. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाने शस्त्र बाळगणे हाच आता गुन्हा होणार होता. पण केंद्राचा अधिकार व्यापारापुरता, हे कोणाच्या तरी लक्षात असावे. म्हणून वाक्यात 'व्यापारात किंवा व्यापारावर परिणाम होईल असे' हे शब्द घालण्यात आले. आणि ते अशा जागी पडले की पुढची नऊ वर्षे देशभरातले वकील त्यांचा अन्वय लावत बसले.

वाक्य असे होते. जो कोणी शिक्षा झालेला माणूस शस्त्र स्वीकारील, बाळगील किंवा नेईल, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद. इंग्रजी रचनेत 'व्यापारात किंवा व्यापारावर परिणाम होईल असे' हे शब्द तिसऱ्या क्रियापदाच्या, म्हणजे 'नेईल'च्या, लगेच मागून येत होते. मध्ये स्वल्पविराम नव्हता. तेव्हा ही अट फक्त नेण्याला लागू, की स्वीकारण्याला आणि बाळगण्यालाही? फक्त नेण्याला म्हणावे, तर बाळगण्याचा गुन्हा सिद्ध करताना व्यापाराचे नावसुद्धा काढायला नको. शाळेत आपण पदान्वयाचा कंटाळा करायचो. इथे पदान्वयावर माणसे तुरुंगात जात होती.

१९७१ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो बॅस खटल्यात. न्यूयॉर्कच्या या आरोपीकडे पिस्तूल आणि शॉटगन सापडली होती. त्यांचा व्यापाराशी संबंध काय, हे सरकारने दाखवलेच नव्हते. आमच्या मते दाखवायची गरजच नाही, असे सरकारचे म्हणणे. निकाल लिहिला थुरगुड मार्शल यांनी. सर्वोच्च न्यायालयातले हे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यांत केंद्राच्या अधिकाराचा आधार घेत ज्यांनी आयुष्य घालवले, ते राज्यांच्या अधिकाराची कड घेतील असे कोणाला वाटले नसते. पण त्यांचा निकाल तोच आहे. वाक्याचे दोन अर्थ निघत असतील, तर फौजदारी कायद्यात आरोपीला सोयीचा अर्थ घ्यायचा, हे जुने तत्त्व त्यांनी आधी सांगितले. मग मुख्य मुद्दा मांडला. राज्यांच्या हद्दीतले गुन्हे केंद्राने आपल्याकडे ओढणे म्हणजे केंद्र-राज्य संबंधांचा तोल बदलणे; एवढा मोठा बदल काँग्रेसला करायचा असेल, तर तो तिने स्वच्छ शब्दांत करावा, न्यायालयाने तो अंदाजाने करू नये. तेव्हा व्यापाराशी संबंध बाळगण्याच्या गुन्ह्यातही दाखवला पाहिजे. बॅसची शिक्षा उभी राहिली नाही.

आता प्रश्न उरला, संबंध किती दाखवायचा? बॅसचा निकाल वाचणाऱ्याला वाटले असते, बराच दाखवावा लागेल. पण सहा वर्षांनी, १९७७ साली, स्कारबरो खटला आला. व्हर्जिनियातल्या या माणसाला अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली होती. पुढच्याच वर्षी त्याच्या घराची झडती झाली आणि चार शस्त्रे सापडली. एक कोल्ट रिव्हॉल्व्हर, एक अमेरिकन एम-१ कार्बाइन, एक इंग्लंडात बनलेली एन्फिल्ड रायफल आणि एक फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात बनलेले रिव्हॉल्व्हर. एन्फिल्ड हे नाव आपल्याला १८५७च्या काडतुसांमुळे परिचयाचे आहे. सरकारने एवढेच दाखवले की यातले एकही शस्त्र व्हर्जिनियात बनलेले नाही, म्हणजे ते कधीतरी सीमा ओलांडून आलेले असणार. आरोपी म्हणाला, माझ्यावर शिक्षेचा डाग पडला त्याच्या आधीपासून ही शस्त्रे माझ्याकडे आहेत. शिक्षेनंतर मी ती घेऊन कुठे गेलो नाही, कोणाशी व्यवहार केला नाही. मग माझ्या बाळगण्याचा व्यापाराशी संबंध काय?

या वेळीही निकाल मार्शल यांनीच लिहिला, आणि तो आरोपीच्या विरुद्ध गेला. काँग्रेसचा हेतू व्यापक होता. शस्त्र पूर्वी कधीही राज्याची सीमा ओलांडून आलेले असेल तर तेवढा संबंध पुरे, असे न्यायालयाने ठरवले. पॉटर स्टुअर्ट एकटे विरुद्ध मत देऊन मोकळे झाले. फ्रान्सच्या कारखान्यातून कोण्या काळी निघालेले एक रिव्हॉल्व्हर, त्याने शंभर वर्षांमागे केव्हातरी समुद्र ओलांडला, आणि त्या प्रवासाच्या जोरावर १९७३ साली व्हर्जिनियातल्या एका घरातले कपाट केंद्राच्या अखत्यारीत आले! बॅस निकालाने जो उंबरठा बांधला, तो स्कारबरो निकालाने जमिनीला टेकवला. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे, स्कारबरोत न्यायालयाने कायद्याच्या शब्दांचा अर्थ लावला होता. घटना काँग्रेसला एवढा अधिकार देते का, हा प्रश्न कोणी वेगळा काढून तपासलाच नव्हता. पुढे १९८६ साली हा सगळा मजकूर एका कलमात गोळा झाला आणि आजही खटले त्याच कलमाखाली भरले जातात.

खटले भरण्याची हौसही वाढत गेली. १९८४च्या एका कायद्याने दरोडा किंवा घरफोडीच्या तीन गुन्ह्यांनंतर शस्त्र सापडले, तर किमान पंधरा वर्षे कैद ठरवली. १९९७ साली व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात, खुनांचे प्रमाण भयंकर वाढले असताना, 'प्रोजेक्ट एक्झाइल' सुरू झाला. राज्याच्या न्यायालयात सौम्य शिक्षा होते, म्हणून असे सगळे खटले केंद्राकडे न्यायचे. आणि शिक्षा भोगायला माणसाला घरापासून शेकडो मैल दूरच्या तुरुंगात धाडायचे, म्हणूनच नाव 'वनवास'! बेकायदा बंदूक म्हणजे पाच वर्षे केंद्रीय तुरुंग, अशा जाहिराती शहरभर लागल्या. बंदूक-नियंत्रणवाले आणि बंदूकवाले दोघेही या मोहिमेवर खूश होते. अमेरिकेत असे एकमत क्वचितच होते. नापसंती दाखवली ती काही केंद्रीय न्यायाधीशांनी. आमची न्यायालये गल्लीतल्या पोलीस खटल्यांसाठी नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

दरम्यान १९९५ साली एक मोठी घटना घडली. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या शाळेत बारावीतला एक मुलगा मार्च १९९२मध्ये लपवलेले पिस्तूल आणि पाच काडतुसे घेऊन आला. राज्याने गुन्हा नोंदवला. दुसऱ्याच दिवशी केंद्राने शाळेजवळ शस्त्र बाळगण्याविरुद्धच्या १९९०च्या कायद्याखाली आरोप ठेवला आणि राज्याचा खटला मागे घेतला गेला. हाच तो प्रसिद्ध लोपेझ खटला. सरकारचा युक्तिवाद असा : शाळेत बंदूक आली की मुले भितात, भीतीने शिक्षण बिघडते, शिक्षण बिघडले की देशाचे उत्पादन घटते, म्हणजे हा आंतरराज्य व्यापाराचा प्रश्न आहे. सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांनी पाच विरुद्ध चार मतांनी हा मुद्दा फेटाळला. असा धागा ताणत गेले, तर केंद्राच्या अधिकाराबाहेर एकही गोष्ट उरणार नाही, हे त्यांचे सूत्र. शिवाय, या कायद्यात व्यापाराशी संबंध दाखवण्याची अटच नव्हती, हेही त्यांनी नोंदवले, आणि बॅस खटल्याचा दाखला दिला.

हा निकाल किती मोठा, ते समजायला मागचा पट पाहावा लागतो. १९३०च्या दशकाच्या मध्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने व्यापाराच्या अधिकाराच्या नावाखाली झालेला एकही कायदा व्याप्तीच्या मुद्द्यावर रद्द केला नव्हता. १९४२ साली तर ओहायोतल्या एका शेतकऱ्याला अकरा एकरांच्या जागी तेवीस एकर गहू पेरला म्हणून दंड झाला. गहू स्वतःच्या गुरांना आणि घरच्या भाकरीला वापरला असला तरी तो बाजारातून विकत घेतला असता, म्हणजे व्यापारावर परिणाम झालाच, असे न्यायालय म्हणाले होते. त्या पार्श्वभूमीवर लोपेझ निकाल म्हणजे साठ वर्षांनी आलेला अटकाव. तुरुंगातल्या शेकडो माणसांनी तो वाचला आणि अपिले केली. शाळेजवळ पिस्तूल बाळगणे जर व्यापार नाही, तर माझ्या उशाखाली पिस्तूल असणे व्यापार कसा?

त्यांचा तर्क सरळ होता. पण अपील न्यायालयांनी एकामागून एक नकार दिला. कारण एकच : बाळगण्याच्या कलमात व्यापाराची अट लिहिलेली आहे आणि ती स्कारबरोने सांगितली तशी पूर्ण होते. लोपेझशी ते कसे जुळते, हे वरच्यांनी सांगावे. अनेक न्यायाधीशांनी आपल्या निकालात स्वच्छ लिहिले की, हे दोन निकाल शेजारी नांदणे कठीण आहे, पण स्कारबरो रद्द करणे आमच्या हातात नाही. काँग्रेसनेही यातून धडा घेतला. १९९६ साली शाळांचा कायदा पुन्हा आणला, आणि त्यात 'राज्यांतर्गत व्यापारातून आलेले' नव्हे, तर 'आंतरराज्य व्यापारातून आलेले शस्त्र' एवढे शब्द घातले. रद्द झालेला कायदा चार शब्दांनी जिवंत झाला! ज्या निकालाने मर्यादा घातली, त्याच निकालाने ती टाळण्याची युक्तीही शिकवली, असे म्हणावे लागते.

एखादे शस्त्र कधीच कोठून आले नसेल तर? अॅरिझोनातल्या एका शिक्षा झालेल्या माणसाने घरीच मशीनगन तयार केल्या होत्या. २००३ साली नवव्या विभागाच्या अपील न्यायालयाने, न्यायमूर्ती कोझिन्स्की यांच्या लेखणीतून, मशीनगन बाळगण्याबद्दलची त्याची शिक्षा रद्द केली. घरगुती वस्तू व्यापारात येते कशी, असे विचारून. पण २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातल्या रुग्णांच्या घरच्या गांजाबद्दल उलट निकाल दिला, आणि त्याच्या उजेडात ही शिक्षा पुन्हा कायम झाली. २०११ साली शिक्षा झालेल्या माणसाच्या गोळीरोधक जाकिटाचा प्रश्न वर गेला. जाकीट, शस्त्रसुद्धा नाही. न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. क्लॅरेन्स थॉमस यांनी, अँटोनिन स्कालिया यांच्या सहमतीने, विरोध नोंदवला. सरकारी वकिलांनी खालच्या न्यायालयात काय कबूल केले होते, त्याची त्यांनी आठवण दिली : परराज्यात विक्रीला ठेवलेले बटाट्याचे तळलेले काप जवळ बाळगायलाही काँग्रेस बंदी करू शकेल!

हसू येते, पण यातले दुखणे खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला हात का लावला नसावा? मला वाटते, कायद्याच्या तत्त्वापेक्षा इथे याचिकादाराचा चेहरा आड येतो. पिस्तूल घेऊन फिरणाऱ्या सराईत गुन्हेगाराला सोडायला कोणालाच नको असते, आणि त्याला शिक्षा होऊ नये असे माझेही म्हणणे नाही. त्यासाठी बहुतेक प्रत्येक राज्याचा स्वतःचा कायदा आहे. प्रश्न एवढाच की, शिक्षा कोणी द्यायची हे ठरवणारी घटनेतली रेषा, आरोपी नावडता आहे म्हणून पुसायची का? कनेक्टिकटमध्ये बनलेले आणि तिथून कधीच न हललेले कोल्ट पिस्तूल कनेक्टिकटमधल्या माणसाच्या घरात असेल, तर या कलमाखाली तो सुटेल. तेच पिस्तूल शेजारच्या ऱ्होड आयलंडमध्ये सापडले, तर पंधरा वर्षे. हा फरक त्या माणसाच्या धोकादायकपणाबद्दल काय सांगतो?

गेल्या काही वर्षांत वाद दुसऱ्या टोकाला सरकला आहे. २००८ साली हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क मानला. निकाल लिहिताना स्कालियांनी एक वाक्य टाकून ठेवले : गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांवर पूर्वापार चालत आलेल्या बंदीबद्दल आम्ही शंका घेत नाही. पूर्वापार म्हणजे किती? केंद्राची बंदी १९३८ची, आणि तीही हिंसक गुन्ह्यांपुरती. सगळ्या गुन्ह्यांना ती लागू झाली १९६१ साली. २०२२च्या ब्रुएन निकालात न्यायालयाने म्हटले की, बंदुकीवरचे आजचे निर्बंध देशाच्या जुन्या परंपरेशी जुळले पाहिजेत. झाले, वकील आणि न्यायाधीश अठराव्या शतकातली कायद्याची पुस्तके उघडून बसले. इंग्लंडात कॅथलिकांची शस्त्रे काढून घेतली होती, क्रांतीच्या काळात राजनिष्ठांची काढून घेतली होती. हा दाखला चालेल का? त्या काळी मोठ्या गुन्ह्याला फाशीच असे, मग मेलेल्या माणसाने शस्त्र बाळगण्याचा प्रश्नच कुठे, असा एक युक्तिवाद. फाशीची शिक्षा होती म्हणून जगलेल्याचे सगळे हक्क गेले असे होत नाही, हा त्याला जबाब.

या वादात सगळ्यांत बोलके प्रकरण पेनसिल्व्हेनियातले. १९९५ साली तिथल्या एका माणसाने सरकारी धान्य-कुपनांसाठीच्या अर्जात खोटी माहिती दिली. तीन मुले, लोकांच्या हिरवळी कापून देण्याचे काम, घरची ओढाताण. सुमारे अडीच हजार डॉलरची मदत मिळाली. त्याने गुन्हा कबूल केला, पैसे परत केले, तीन वर्षे देखरेखीखाली काढली. तुरुंगात एक दिवस गेला नाही. पण त्या गुन्ह्याला कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती, आणि तेवढ्यावरून हरणाच्या शिकारीची रायफल घेण्यावर जन्मभराची बंदी आली. आपल्या शस्त्र अधिनियमात हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यावरची बंदी शिक्षा संपल्यावर पाच वर्षांनी सुटते. तिथे ती मरेपर्यंत. आणखी एक मौज पाहा. त्याच अमेरिकन कायद्याने मक्तेदारीचे आणि व्यापारातल्या गैरप्रकारांचे गुन्हे या बंदीतून वगळले आहेत. कंपन्यांनी संगनमताने भाव चढवले तर बंदूक ठेवता येते, कुपनाच्या अर्जात खोटे लिहिले तर नाही.

फिलाडेल्फियाच्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२३ साली या माणसाच्या बाजूने निकाल दिला. जून २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रहिमी खटल्यात, घरगुती हिंसाचाराबद्दल न्यायालयाचा मनाई हुकूम असलेल्यांवरची बंदी आठ विरुद्ध एक मतांनी उचलून धरली आणि त्यानंतर पेनसिल्व्हेनियाचे प्रकरण फेरविचाराला परत पाठवले. डिसेंबर २०२४मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले, तेरा विरुद्ध दोन मतांनी. दुसरीकडे २०२५ साली नवव्या विभागाच्या पूर्ण पीठाने सगळ्या गंभीर गुन्हेगारांवरची बंदी वैध ठरवली. म्हणजे एका किनाऱ्यावर एक कायदा आणि दुसऱ्या किनाऱ्यावर दुसरा. रहिमीत एकटे विरोधात गेलेले थॉमस यांनी एका तळटीपेत पुन्हा जुना प्रश्न काढला होता : काँग्रेसला व्यापाराच्या नावावर हे कलम करण्याचा अधिकार तरी आहे का? तळटीपेकडे कोणी लक्ष दिले नाही.

जन्मभराच्या या बंदीला एक खिडकी होती, तिची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६०च्या दशकात ऑलिन मॅथिसन ही बलाढ्य रसायन कंपनी औषधांच्या निर्यातीतल्या दलालीच्या प्रकरणात दोषी ठरली. प्रसिद्ध विंचेस्टर बंदुका याच कंपनीच्या विभागात बनत. आता कंपनी गुन्हेगार, आणि गुन्हेगाराने शस्त्रे परराज्यात पाठवायची नाहीत! काँग्रेसने १९६५ साली तातडीने सवलतीची तरतूद केली : समाजाला धोका नाही असे सरकारचे समाधान झाले तर बंदी उठवता येईल. पुढे हजारो साध्या माणसांनीही या खिडकीतून अर्ज केले. १९९२ साली काँग्रेसने अशा अर्जांच्या तपासणीसाठी पैसा देणे बंद केले. व्यक्तींच्या अर्जांसाठी पैसा बंद झाला. कंपन्यांच्या अर्जांना मात्र पुढे मुभा राहिली. तेहतीस वर्षांनी, मार्च २०२५मध्ये, न्याय खात्याने हे काम एटीएफकडून काढून स्वतःकडे घेतले. पुढच्याच महिन्यात ज्या दहा जणांचे हक्क परत मिळाल्याचे राजपत्रात प्रसिद्ध झाले, त्यांत अभिनेता मेल गिब्सन होता.